तलफ येते आणि जाते

तंबाखू खाणाऱ्या एखाद्या माणसाला विचारा, ‘तुम्हाला तलफ केव्हा येते?’ जेवणानंतर, चहाबरोबर, कंटाळा आला की, असे तो चटकन सांगेल. मग विचारा, ‘ती किती वेळ टिकते?’ बहुधा उत्तर येणार नाही. तलफ आली की तो लगेच चिमूट तोंडात टाकतो. ती आपणहून जाताना त्याने पाहिलेलीच नसते!

ती जाते, आणि तीही बहुधा काही मिनिटांतच. मुळात ती येते कशी? मेंदूतील चेतापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी असिटिलकोलिन नावाचे रसायन वापरतात. कुलपात किल्ली बसावी तसे ते पुढच्या पेशीवर ठरलेल्या जागी बसते. तंबाखूतील निकोटिन ही याच कुलपाला लागणारी बनावट किल्ली. ती फिरली की डोपामिन स्रवते आणि बरे वाटते. रोज तंबाखू मिळू लागली की मेंदूत अशी कुलपे वाढतात. रक्तातील निकोटिन सुमारे २ तासांत निम्मे होते, कुलपे रिकामी पडू लागतात, आणि गणिताच्या तासाला मुलगा उगीचच चिडचिडतो. मग पुडी काढली की त्याला वाटते, ताण गेला. खरे तर तंबाखूनेच आणलेला ताण तिने घटकाभर दूर केला! शिवाय मनाला आवर घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग विशी उलटल्यावरही घडतच असतो. म्हणून तुमच्या वयात सवय लवकर जडते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी तलफेला लाटेची उपमा दिली. लाटेशी झुंजू नका, ती चढताना आणि ओसरताना पाहा. घड्याळ समोर ठेवा. तलफ घशात जाणवते की हातात, ते बघा. पाणी प्या, मैदानाला फेरी मारा. पहिला आठवडा जड जातो. वाढलेली कुलपे कमी व्हायला मात्र काही आठवडे लागतात.

पुडीला अजून हातच लावला नसेल, तर कसोटी निराळी. मित्र आग्रह करतो तेव्हा ऐन वेळी शब्द सुचत नाहीत. ‘नको रे, मला पळायला जायचंय’ असे एखादे वाक्य आधीच ठरवा आणि घरी मोठ्याने म्हणून पाहा. हसू येईल, येऊ द्या.

शिक्षकांना एक विनंती. पुडी सापडलेल्या मुलाला वर्गासमोर उभे करू नका; तो तंबाखू सोडण्याऐवजी लपवायला शिकेल. त्याच्याशेजारी बसून घड्याळ लावा. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवाही आहे: १८००-११-२३५६.