बारावा गडी

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा उपांत्य सामना, समोर सेंट झेवियर्स. शारदाश्रम विद्यामंदिराच्या विनोद कांबळीने नाबाद ३४९ आणि सचिन तेंडुलकरने नाबाद ३२६ धावा केल्या, भागीदारी ६६४ ची. मुंबईच्या क्रिकेटवेड्यांना हे आकडे झोपेतही आठवतात. त्या सामन्यात पुढच्या क्रमांकावर अमोल मुझुमदार होता. तो पॅड बांधून बसला आणि बसूनच राहिला. पुढे प्रथम श्रेणीत त्याने अकरा हजारांवर धावा केल्या, पण भारताकडून एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारतीय महिलांनी पहिल्यांदा एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक हाच मुझुमदार होता.

आपल्याकडे शालेय खेळांचा इतिहास नाबाद राहिलेल्यांच्या नावाने लिहिला जातो. शाळेला शाळापण देणारे लोक बहुधा पॅड बांधून बसलेल्यांत, स्कोअर लिहिणाऱ्यांत आणि पाण्याच्या बाटल्या नेणाऱ्यांत सापडतात, असं माझं मत आहे. चषक हे त्याचं माप नव्हे. मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये मोठ्या प्रशिक्षकाच्या शाळेत चांगली पोरं गोळा होणं ही जुनीच रीत. सचिन स्वतः रमाकांत आचरेकरांच्या सांगण्यावरून वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमात आला. त्यात गैर काही नाही. त्यामुळे भारताला सचिन मिळाला. मात्र चार शाळांतली गुणी मुलं एका शाळेत गेली की उरलेल्या तिघींच्या मैदानावर काय उरतं, हेही कुणीतरी विचारायला हवं.

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. त्याच्या शाळेची धावसंख्या ३ बाद १४६५. प्रतिस्पर्धी संघ ३१ आणि ५२ धावांत गारद झाला. रिक्षाचालकाच्या मुलाचं जगभर नाव झालं आणि तो आनंद खराच होता. तरीही त्या सामन्यात चेंडू आणायला धावणारी अकरा मुलंही शाळकरीच होती. त्यांनी त्या दिवशी खेळातून काय घेतलं असेल, हा प्रश्न बातम्यांत मला फारसा दिसला नाही.

खो-खोत हे दुखणं कमी आहे. आठ जण पाटीवर बसलेले, एकाआड एक उलट तोंडाने, आणि नववा धावतो. मागून खो मिळेपर्यंत उठायचं नाही, आधी उठलं तर फाउल. धावणाऱ्याला मध्येच दिशा बदलता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. त्यामुळे एकटा कितीही चपळ असला तरी बसलेल्यांवाचून त्याचं चालत नाही. साहित्य म्हणाल तर दोन खांब आणि चार मुठी फक्की. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या खेळाला लेखी नियम दिले आणि पुढे तो गावोगावच्या शाळांनी जगवला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे होते. त्याआधी धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला होता. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस अंतिम फेरीपर्यंत धावली, तिचीही सुरुवात शाळेच्या खो-खोतून झाली.

मुलींचं गाडं बहुधा आठवी-नववीत अडतं. घरचा धाक आहेच, पण बस त्याहून आधी आडवी येते. अनेक तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या मुलींना शाळेत आणतात आणि शाळा सुटल्यावर परत नेतात. या गाड्यांमुळे कितीतरी मुली दहावीपर्यंत पोचल्या. सरावाला थांबायचं तर तीच गाडी चुकते. चांगला खेळशिक्षक अशा वेळी सराव सकाळच्या परिपाठाआधी घेतो, नाहीतर मधल्या सुट्टीत डबे लवकर संपवायला लावतो. बालेवाडीच्या भव्य क्रीडासंकुलापेक्षा ही पाऊण तासाची जुळवाजुळव मला जास्त मोलाची वाटते.

एकत्र राबण्याचा वारसा आपल्याकडे मैदानाबाहेरही आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकाच पंगतीला बसत आणि कामंही वाटून घेत. त्या काळात हे कवायतीपेक्षा कितीतरी अवघड होतं. त्याच दशकात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. आजही काही शाळा वर्षाला एक हस्तलिखित काढतात. त्यात कविता करणारी पोरं दोन-चारच असतात, पण सुबक अक्षर, नक्षी आणि बांधणी यांसाठी वर्गातली निम्मी मुलं लागतात.

गावच्या गॅदरिंगची सर मात्र कशालाच नाही. डिसेंबर-जानेवारीत शाळेच्या पटांगणात मंडप उभा राहतो. गाव जेवणं उरकून सतरंज्या घेऊन येतं. कोळीगीत झालं, पोवाडा झाला, मग एखादा पहिलीतला शिवाजी तलवार विसरून आईकडे बघत उभा राहतो आणि टाळ्या सगळ्यांत जास्त त्यालाच पडतात. मधूनच माइकवरून घोषणा होते, अमक्या पाटलांकडून लेझीमच्या मुलींना एकशे एक रुपये. लगेच समोरच्या आळीतून दोनशे एक. ही चढाओढ कधी कधी पुढाऱ्यांच्या मानपानावर जाते आणि कार्यक्रम रात्री बारापर्यंत लांबतो, हे खरं. पण जमलेल्या पैशांतून शाळेला स्पीकर येतो, रंग लागतो, पाण्याची टाकी बसते. आणि त्या टाकीकडे बोट दाखवून ‘ही आमच्या पोरींच्या लेझीमची’ म्हणणारे आजोबा गावात असतात. शहरातल्या महागड्या शाळांची संमेलनं मला याच्यापुढे फिकी वाटतात. भाड्याचे पोशाख, बाहेरून आणलेले नृत्यदिग्दर्शक आणि पहिल्या रांगेत नेहमीची आठ मुलं.

पुण्यात ज्ञानप्रबोधिनी आणि रमणबाग या शाळांच्या ढोल पथकांनी वेगळीच गोष्ट केली. गणपतीत वाजवायला येणाऱ्यांत आजी विद्यार्थी आणि शाळा सोडून बरीच वर्षं झालेले असे दोघेही एका ठेक्यात असतात. पुढे पथकं वाढली आणि आवाजही वाढला. त्या आवाजाबद्दल माझी तक्रार आहे, पण ती इथे नको.

खरी अडचण वेळापत्रकात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात क्रीडांगण आहे, सहावी ते आठवीत शंभरावर पट असलेल्या शाळेसाठी कला आणि शारीरिक शिक्षणाचे अंशकालीन शिक्षकही आहेत. प्रत्यक्षात जानेवारी उजाडला की दहावीचा पीटीचा तास गणिताकडे जातो. मग जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण चढलेल्यांना बोर्डाच्या परीक्षेत क्रीडागुणांची सवलत मिळते. त्याच शाळेत आंतरवर्ग सामने व्हायचे होते, त्यांची तारीख सराव परीक्षेमुळे पुढे ढकललेली असते, आणि मार्चमध्ये ती कुणी काढत नाही.