जुन्या बाकाचे पुढे काय?

तुमच्या शाळेत जिन्याखाली किंवा मागच्या पडवीत जुन्या बाकांचा ढीग असेलच. एखाद्याची पाठ निखळलेली, एखाद्याचा पाय डुगडुगणारा, आणि बहुतेकांवर कर्कटकाने कोरलेली नावे! नवी बाके आली की जुन्यांची रवानगी तेथे होते. पुढे कधीतरी जागेची गरज पडते आणि टेम्पो बोलावला जातो. त्यानंतर त्या बाकांचे काय होते, हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे असे तुम्हाला वाटणार नाही. पण थोडे गणित करून पाहू.

समजा, एका बाकात १५ किलोग्रॅम कोरडे लाकूड आणि १० किलोग्रॅम पोलादी नळी आहे. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो, म्हणजे येथे साडेसात किलोग्रॅम. हा सारा कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला आहे. १२ ग्रॅम कार्बनपासून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो, हे तुम्ही रसायनशास्त्रात शिकला आहात. त्या हिशेबाने आपल्या बाकात साडेसत्तावीस किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडचा ऐवज कोंडलेला आहे. बाक वापरात आहे तोवर तो तेथेच राहतो.

बाक मोडीत निघाले की त्याच्या वाटा फुटतात. आपल्याकडे लोखंड सहसा कचऱ्याच्या खड्ड्यात जात नाही. भंगारवाला ते आधीच काढून घेतो, आणि हे त्याचे उपकारच आहेत. लाकूड मात्र चुलीत नाहीतर भट्टीत जाते. मुंबईच्या जुन्या बेकऱ्यांत मोडक्या फर्निचरचे लाकूड वर्षानुवर्षे जळत आले. रंग, व्हार्निश आणि प्लायवुडमधला डिंक त्याबरोबर जळतो, आणि तो धूर साध्या सरपणाच्या धुरापेक्षा वाईट. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले.

उरलेसुरले कचराभूमीवर जाते. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. तेथे हवेशिवाय जगणारे जीवाणू लाकडातील सेल्युलोज कुजवून मीथेन वायू तयार करतात. शंभर वर्षांच्या काळात एक किलोग्रॅम मीथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. मात्र लाकडातील लिग्निन हवेवाचून फारसे कुजत नाही, त्यामुळे पुरलेल्या लाकडाचा बराच भाग दशकानुदशके तसाच राहतो. तेव्हा केवळ कार्बनचा विचार केला तर खड्डा जाळण्याहून वाईटच असतो, असे सरसकट म्हणता येणार नाही. पण धड असलेली वस्तू पुरली की तिच्या जागी दुसरी बनवावी लागते. खरा खर्च तेथे आहे.

तो किती? खनिजापासून १ किलोग्रॅम पोलाद बनवताना सुमारे २ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नव्या बाकाच्या नुसत्या नळीसाठी २० किलोग्रॅम झाले. आता जुनी ४० बाके टेम्पोत घालून १०० किलोमीटरवरच्या शाळेला दिली असे समजा. जाऊन-येऊन २०० किलोमीटर, लिटरला १० किलोमीटर धरले तर २० लिटर डिझेल. एका लिटरमागे सुमारे २.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एकूण ५४ किलोग्रॅम. बाकामागे सव्वा-दीड किलोग्रॅम. वीस विरुद्ध दीड! बाके जवळजवळ दीड हजार किलोमीटर नेली तरच वाहतुकीचा तोटा नळीच्या फायद्याइतका होईल. अर्थात, ती शाळा एरवी नवी बाके घेणार असेल तरच हा हिशेब लागू पडतो. तेथील मुले जमिनीवर बसत असतील, तर कार्बनचा फायदा सांगण्यात अर्थ नाही. तेथे फायदा मुलांच्या पाठीचा.

मात्र डुगडुगणारे बाक दुसऱ्याच्या गळ्यात मारणे म्हणजे देणगी नव्हे. ते का डुगडुगते? पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन करा आणि कोपरा ढकला. चौकोन कलतो, कारण बाजूंची लांबी न बदलताही त्याचे कोन बदलू शकतात. आता एक तिरपी पट्टी लावा. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले; त्रिकोणाचे कोन बाजूंनी पक्के बांधलेले असतात, तो हलणार नाही. बाकाच्या मागच्या दोन पायांमध्ये अशी एक तिरपी पट्टी ठोकली की अर्धी दुरुस्ती झाली.

लाकडी सांधे ऋतूंमुळेही सैल होतात. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. म्हणून कोकणातील दमट हवेत घट्ट बसलेला सांधा मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खिळखिळा होतो. बाक पोचल्यावर पहिल्या उन्हाळ्यात सुताराला पुन्हा दाखवावे. नळीच्या बाकांत पायाचे रबरी टोपण गळाले असेल तर तेथे नीट पाहा: फरशी पुसताना पाणी आत शिरते आणि नळी आतून गंजते. नाण्याने ठोकल्यावर बद्द आवाज आला तर ती नळी भंगारवाल्याचीच. लाकडाखाली बारीक पिठासारखा भुसा पडत असेल, तर कीड लागली आहे. ते बाक कोणालाही देऊ नये.

उंचीचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आहे. बसण्याची फळी टाचेपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतच्या उंचीएवढी हवी. दहावीचे बाक दुसरीच्या मुलाला दिले तर त्याचे पाय लोंबकळतात आणि मांडीखाली फळीची कड रुतते. मग पाय कापावेत असे कोणीतरी सुचवतो. पण पाय कापल्याने फळी आणि लिहिण्याचे पाट दोन्ही सारखीच खाली येतात. त्यांच्यातले अंतर तेवढेच राहते, आणि पाट मुलाच्या हनुवटीशी येते. पाट वेगळे खाली आणावे लागते.

ढीग वाढण्याचे आणखी एक कारण कागदी आहे. बाके शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत असतात. निर्लेखन मंजूर झाल्याशिवाय मुख्याध्यापक ती देऊन टाकू शकत नाहीत. त्यासाठी यादी लागते. नववीच्या वर्गाने मोजपट्टी घेऊन बसले तर दोन तासांत ती होईल: फळीची उंची, पाटाची उंची, सांध्यांची स्थिती. ज्या शाळेला बाके हवी असतील तिच्याकडे ही यादी आधी पाठवावी आणि टेम्पो नंतर.