तळे कोणाच्या मालकीचे? महाडचा सव्वानऊ वर्षांचा दावा

महाडच्या सत्याग्रहाची गोष्ट आपल्या घरातील शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले, ओंजळभर पाणी प्याले आणि त्यांच्यामागोमाग हजारो बायाबापड्यांनी, तरण्यांनी, म्हाताऱ्यांनी ते पाणी तोंडाला लावले. पण त्या परिषदेच्या जमाखर्चातला एक आकडा फारसा कोणी सांगत नाही. परिषदेला जमलेल्या माणसांची तहान भागवण्यासाठी स्वागत समितीला ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. गावात चार-पाच एकरांचे तळे भरलेले, त्याला जिवंत झरे, वरून पावसाचे पाणी; आणि आपल्या माणसांसाठी पाणी मात्र पैसे मोजून! त्या काळचे ४० रुपये म्हणजे काय, हे गिरणीत राबलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना विचारले असते तर त्यांनी बरोबर सांगितले असते.

ओंजळीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. ओंजळीनंतर जे कोर्टात चालले ते सांगायचे आहे. सत्याग्रह एका दिवसाचा होता, दावा सव्वानऊ वर्षे चालला. आणि त्या दाव्यातला पहिला प्रश्न विटाळाचा नव्हताच. प्रश्न होता, तळे कोणाच्या मालकीचे?

थोडे मागे जाऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला व तो मंजूर झाला. बोले भंडारी समाजातले, ब्राह्मणेतर चळवळीतले पुढारी. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्या ठरावाचा आशय होता. यातले ‘सार्वजनिक पैशातून’ हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत, कारण पुढचे सारे रामायण त्याच शब्दांवरून घडले. सरकारने आपल्या खात्यांना तसे हुकूम दिले. महाडच्या नगरपालिकेनेही ५ जानेवारी १९२४ रोजी तळे खुले केल्याचा ठराव केला.

ठराव झाला आणि दप्तरात जाऊन बसला. मुंबईत कायदा आणि महाडात कुलूप, अशी स्थिती! तीन वर्षे एकाही अस्पृश्याने तळ्यावर पाऊल टाकले नाही. कारण कौन्सिलात हात वर करणारे मुंबईला होते आणि तळ्याच्या चारी बाजूंनी घरे होती ती सवर्णांची. आपल्या एकाचेही घर जवळपास नव्हते. १९२६ साली बोले यांनी पुन्हा ठराव आणला, की जी नगरपालिका हे पाळणार नाही तिचे अनुदान सरकारने रोखावे. तरीही गावगाडा जागचा हलला नाही. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्णांतलेच पण न्यायाच्या बाजूचे लोक महाडच्या कामात होते, हेही सांगितले पाहिजे. पण अशी माणसे मोजकी.

सत्याग्रहानंतर सवर्णांनी पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांच्या ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षे पुरी होत होती. योगायोग असेल, पण जिव्हारी लागतो. आणि १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा पडला. वादी सवर्ण हिंदूंच्या वतीने, प्रतिवादी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी. हा दावा प्रातिनिधिक स्वरूपाचा होता, म्हणजे प्रतिवादींना सर्व अस्पृश्यांचे प्रतिनिधी धरले होते. आपले आजे-पणजे, मग ते नागपूरला असोत की नाशिकला, त्या अर्थाने सगळेच त्या खटल्यातले प्रतिवादी होते.

दाव्यात मागणी काय? तळे आमच्या मालकीचे आहे, ते वापरण्याचा हक्क फक्त आमचा आहे, असे जाहीर करावे आणि प्रतिवादींना मनाई करावी. बघा, मार्चमध्ये गोमूत्र आणि डिसेंबरमध्ये मालकी! शास्त्र, पाप-पुण्य, देवाचा कोप यांची भाषा बाजारपेठेत चालते, इंग्रजी कायद्याच्या कोर्टात चालत नाही, हे वाद्यांना पक्के ठाऊक होते. वस्तू सार्वजनिक असेल तर तिथून माणसाला हाकलायला कारण द्यावे लागते. खाजगी असेल तर कारण द्यावे लागत नाही. ‘माझी आहे’ एवढे पुरते. म्हणून विटाळाने मालकीचा अंगरखा घातला.

कोर्टाने १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम दिला. २५ डिसेंबरपासून महाडला दुसरी परिषद होती आणि यावेळी सत्याग्रहाचीच तयारी होती. मंडपासाठी एकाही हिंदूने जागा दिली नाही. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. खाजगी मालकी वाईटच असते असे जे सरसकट म्हणतात त्यांनी फत्तेखानांना विसरू नये. त्यांची खाजगी जागा नसती तर मनुस्मृतीचे दहन कोणत्या मंडपासमोर झाले असते?

जमलेली माणसे तुरुंगात जायला तयार होती. तरी बाबासाहेबांनी मनाईहुकूम मोडला नाही. सत्याग्रह तहकूब करून २७ डिसेंबरला गावातून मिरवणूक काढली, ती तळ्याला वळसा घालून परत आली. पाणी हाताच्या अंतरावर, आणि कोणी शिवले नाही. त्या दिवशी किती जणांनी आवंढा गिळला असेल! आजही काही तरुण विचारतात की बाबासाहेबांनी माघार का घेतली. मला वाटते, ती माघार नव्हती. हुकूम मोडला असता तर सरकार आणि सवर्ण एका बाजूला उभे राहिले असते आणि मालकीचा खोटा दावा तसाच राहिला असता. त्यांना तो दावा कागदोपत्री खोटा ठरवायचा होता. बॅरिस्टर होते ते!

फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाईहुकूम उठला. १९३१ साली महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. सवर्ण ठाण्याला अपिलात गेले, तिथे १९३३ साली हरले. मग मुंबई हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी निकाल दिला. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारेच.

या निकालातली खरी गंमत सुरुवातीलाच आहे. हायकोर्टात पोचेपर्यंत वाद्यांनी मालकीचा मुद्दाच सोडून दिला होता! १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यान्वये तळे महाड नगरपालिकेकडे आहे, हे त्यांनी कबूल केले. ज्या मालकीच्या नावाने आपल्या लोकांना तहानलेले ठेवले, ती मालकी नव्हतीच. मग उरला दुसरा मुद्दा, रूढीचा. तळे नगरपालिकेचे असले तरी अस्पृश्यांना दूर ठेवण्याची अनादि काळची रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे. कोर्टाने विचारले, पुरावा कुठे आहे? तळे अडीचशे वर्षांहून कमी जुने नाही, मुसलमान तिथे पाणी भरतात, आणि अस्पृश्य कधी पाण्याला आले व त्यांना हाकलले असा दाखला नाही. आपली घरेच तिथे नव्हती; न आलेल्या माणसाला हाकलल्याची रूढी कशी सिद्ध होणार? अपील फेटाळले गेले. बाबासाहेब जिंकले, आपण सारे जिंकलो.

पण निकाल बारकाईने वाचला की अंगावर काटा येतो. रूढी सिद्धच झाली नाही, म्हणून ती अन्यायाची आहे का, सार्वजनिक हिताच्या विरोधी आहे का, या प्रश्नात कोर्टाला शिरावे लागले नाही. समजा, मागल्या शंभर वर्षांत एखादा तहानलेला महार त्या घाटावर गेला असता, मार खाऊन परत आला असता आणि त्याची नोंद कुठे राहिली असती, तर? त्याचा मारच आपल्याविरुद्ध पुरावा ठरला असता! किंवा तळे खरोखरच एखाद्या सावकाराचे निघाले असते, तर?

या दोन्ही ‘तर’चा बंदोबस्त बाबासाहेबांना करायचा होता असे मी मानतो. राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली; रूढीचा मुद्दा तिथेच संपला. कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख आला आणि त्याबरोबर ‘राज्याच्या निधीतून’ ही शब्दयोजनाही आली. बोले यांच्या ठरावाचा आणि चवदार तळ्याचा वास त्या कलमाला आहे. मालकीबद्दल तर बाबासाहेबांनी मार्च १९४७ मध्येच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीपुढे निवेदन दिले होते. शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, ती जातिभेद न करता गावकऱ्यांना कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच राहणार नाहीत, अशी त्यात मागणी होती. ते घटनेत आले नाही. पुढे १९४८ साली प्रा. के. टी. शहा यांनी खाणी, जंगले, नद्या, वाहते पाणी ही देशाची सामुदायिक मालमत्ता असे स्पष्ट लिहावे म्हणून दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी उत्तर दिले की मसुद्याची भाषा व्यापक आहे, तिच्यात हेही बसते. ती भाषा आज कलम ३९(ब) मध्ये आहे. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण सर्वांच्या हिताला पोषक होईल असे वाटले जावे, असे ते सांगते.

ही भाषा किती व्यापक, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला. प्रकरण आपल्या मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींवरून निघालेले. बहुमताने सांगितले की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती नव्हे. मग कोणती? ती वस्तू कशी आहे, समाजाच्या जगण्यावर तिचा परिणाम काय, ती दुर्मिळ आहे का, आणि ती मूठभर खाजगी हातांत गेली तर काय होईल, हे पाहावे. वाचकहो, पाण्याला या चारही कसोट्या लावून बघा.

पण सरकारी म्हणजे आपोआप आपले, असा भोळा समज कोणी करून घेऊ नये. महाडचे तळे १९२४ सालीही नगरपालिकेचेच होते. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत राहणाऱ्या आपल्या बहिणींना हे शिकवायला नको. नळ महापालिकेचा, धरण महापालिकेचे, पण झोपडी ठराविक तारखेनंतरची असेल तर जोडणी नाही, हा नियम त्यांनी वर्षानुवर्षे भोगला. रात्री दोनला हंडा घेऊन जायचे आणि कोणा दादाला पैसे द्यायचे. म्हणजे परत विकतचेच पाणी! अखेर डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाने सांगितले की पाणी हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, घर बेकायदा आहे म्हणून माणसाचे पाणी तोडता येत नाही. आणि आपल्या दीक्षाभूमीच्या नागपुरात २०१२ साली सबंध शहराची पाणीव्यवस्था २५ वर्षांच्या कराराने खाजगी कंपनीच्या हाती दिली गेली. मालकी कागदावर महापालिकेची, बिल कंपनीचे. मालकी एकाची आणि चावी दुसऱ्याची, हा प्रकार महाडकरांना नवा नाही.

खेड्यात प्रश्न आणखी खोल आहे, अगदी शब्दशः. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे ज्याची जमीन त्याचे तिच्याखालचे पाणी. ज्याला जमीनच नाही त्याला खालचे पाणीही नाही. जमिनी कोणाकडे आणि भूमिहीन कोण, हे मी सांगायला नको. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदू नये, असे महाराष्ट्राने १९९३ साली कायद्याने ठरवले. पुढे २००९ चा भूजल कायदा आला. पण बोअर पाडणाऱ्याची गाडी रात्री येते आणि सकाळी सार्वजनिक विहीर आटलेली असते.

याहून साधी फसवणूक कागदाची असते. पैसा सरकारी योजनेचा, विहीर गावासाठी, पण खोदली कोणा बागायतदाराच्या शेतात आणि जागेचे बक्षीसपत्र तोंडी! दोन-चार वर्षे सगळे पाणी भरतात, मग एक दिवस कुंपण पडते आणि वस्तीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन परततात. त्यावेळी जातीचे नाव कोणी घेत नाही. ‘जमीन आमची आहे’ एवढेच म्हणतात.

म्हणून गावी जाणाऱ्यांना एक काम सांगतो. २० मार्चला महाडला जाल तेव्हा जा, पण त्याआधी आपल्या गावात ज्या विहिरीवर वस्ती पाणी भरते त्या गटाचा सात-बारा काढा. मालकाच्या रकान्यात कोणाचे नाव आहे ते वाचा. इतर हक्कांत विहिरीची नोंद आहे का, ग्रामपंचायतीकडे जागेचे बक्षीसपत्र नोंदवलेले आहे का, हे ग्रामसेवकाला लेखी विचारा आणि पोच घ्या. नोंद नसेल तर विहिरीला पाणी आहे तोवरच ती करून घ्यायला लावा.