परंपरेलाही पुरावा लागतो : हळद आणि कडुनिंबाच्या पेटंट-वादांचा धडा

जखमेवर हळद लावावी, हे भारतात कोणालाही वेगळे शिकवावे लागत नाही. तरीही मार्च १९९५ मध्ये जखम भरून काढण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. 'हे तर सर्वांनाच ठाऊक आहे' असे म्हटल्याने पेटंट रद्द होत नाही. त्यासाठी पुरावा सादर करावा लागतो.

तीन कसोट्या

कोणत्याही शोधाला पेटंट मिळण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात. तो नवा असावा, त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचण्याजोगा नसावा आणि तो उद्योगात उपयोगी पडावा. जैविक पदार्थांवरील बहुतेक वाद पहिल्या दोन कसोट्यांवर लढले जातात. अर्जाच्या तारखेपूर्वी ही माहिती लोकांना उपलब्ध होती का, हा त्यातील कळीचा प्रश्न असतो. एकदा पेटंट मंजूर झाले की ती उपलब्ध होती हे दाखवण्याची जबाबदारी आव्हान देणाऱ्यावर येते.

हळद : छापील पुरावा

परदेशातील केवळ तोंडी ज्ञान किंवा प्रत्यक्ष वापर अमेरिकेच्या तत्कालीन कायद्याला पुरेसा नव्हता. माहिती छापील स्वरूपात किंवा एखाद्या पेटंटमध्ये नोंदलेली असणे आवश्यक होते. त्यामुळे घरोघरची हळद तेथे निरुपयोगी ठरली असती.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये पुनर्परीक्षणाची मागणी केली. त्यासोबत ३२ संदर्भ जोडले. त्यात संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथांतील जुन्या नोंदी होत्या, तसेच भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ चा लेखही होता. अमेरिकी कार्यालयाने ऑगस्ट १९९७ मध्ये या पेटंटचे दावे नाकारले.

कडुनिंब : शेतातील साक्ष

कडुनिंबाचा वाद युरोपात झाला. वनस्पतींवरील बुरशी रोखण्यासाठी कडुनिंबाचे तेल वापरण्याच्या पद्धतीचे पेटंट युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये अमेरिकेचा कृषी विभाग आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना दिले होते. मूळ अर्ज १९८९ च्या अखेरचा होता.

युरोपीय कायद्यात लेखी वर्णनाप्रमाणेच तोंडी माहिती आणि प्रत्यक्ष वापरही ग्राह्य असतो, मग तो जगात कोठेही झालेला असो. मात्र काय वापरले, केव्हा, कोठे, कसे आणि ते लोकांसमोर खुले होते का, ही सर्व उत्तरे नेमकी द्यावी लागतात. पुरावा पूर्णपणे आक्षेपकाच्याच हाती असेल, तर तो अधिक काटेकोरपणे तपासला जातो.

येथे निर्णायक ठरली ती महाराष्ट्रातील साक्ष. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांत कडुनिंबाच्या अर्काच्या चाचण्या शेतावर झाल्या होत्या. त्याची माहिती एका भारतीय उद्योजकाने दिली. दाव्यांत नावीन्य व कल्पकता यांचा अभाव असल्याचे ठरवून मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले. पेटंटधारकांचे अपीलही मार्च २००५ मध्ये फेटाळले गेले.

पुढे काय बदलले

प्रत्येक पेटंटविरुद्ध असा लढा देणे खर्चिक आणि वेळखाऊ असते. म्हणूनच भारताने २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम हाती घेतले. जुन्या ग्रंथांतील औषधयोग त्यात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, जपानी व स्पॅनिश भाषांत नोंदवले आहेत. २००९ मध्ये युरोपीय आणि अमेरिकी कार्यालयांच्या परीक्षकांना ते खुले झाले. त्यामुळे पेटंट मंजूर होण्यापूर्वीच पुरावा परीक्षकासमोर येऊ शकतो.

भारतीय पेटंट कायद्यातही मूळनिवासी किंवा स्थानिक समाजाला तोंडी अथवा अन्य प्रकारे अवगत असलेले ज्ञान हा आक्षेपाचा स्वतंत्र आधार आहे. अमेरिकेनेही मार्च २०१३ पासूनच्या अर्जांसाठी परदेशातील सार्वजनिक वापर विचारात घेण्याची तरतूद केली.

तरीही पुराव्याचे मूळ सूत्र बदललेले नाही. ज्ञान कितीही जुने असले, तरी त्याची तारीख, ठिकाण आणि स्वरूप सिद्ध करता आले पाहिजे. ग्रंथांतील ज्ञानाची नोंद झाली आहे, पण जे केवळ वाड्या-वस्त्यांवरील जाणकारांच्या स्मरणात आहे, ते त्यांच्याबरोबरच लोपले तर कोणत्याही कार्यालयासमोर त्याची साक्ष देता येणार नाही.