आधी नेमकं काय पोचलं?

शर्यत बघायला आलेल्या माणसाला धावणारा दिसतो. मला रेष दिसते. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात पी.टी.चा मास्तर म्हणून नोकरी केली, त्या ओघात अ‍ॅथलेटिक्सचा पंच झालो, आणि मास्तरांकडं स्टॉपवॉच आहे म्हटल्यावर लोक कुठंही बोलवायला लागले. तालुक्याच्या स्पर्धा, सायकल शर्यती, घाटातली हाफ मॅरेथॉन, गणपतीतल्या पोरांच्या शर्यती, एकदा तर मोटारींची रॅलीसुद्धा. ‘तुमचं काय मास्तर, नुसतं बटण दाबायचं,’ असं म्हणणारे जागोजागी भेटतात. त्यांना मी विचारतो, पहिला कोण ते राहू द्या, आधी काय पोचलं ते सांगा. पाय, छाती, चाक की नाक?

बहुतेक जण पाय म्हणतात. तिथंच सगळं घोडं अडतं.

धावण्याच्या शर्यतीत पायाला काही किंमत नाही. हात, पाय, मान, डोकं यांतलं काहीही आधी रेषेपलीकडं गेलं तरी ते मोजायचं नाही. धड पोचलं पाहिजे. म्हणून तर शंभर मीटर पळणारा शेवटच्या पावलाला छाती पुढं टाकून झुकतो. पॅरिसला २०२४च्या ऑलिम्पिकमध्ये नोआ लाइल्स आणि जमैकाचा किशेन थॉम्पसन, दोघांची वेळ ९.७९ सेकंद लागली. हजाराव्या भागापर्यंत बघितल्यावर लाइल्स ९.७८४ आणि थॉम्पसन ९.७८९. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एकानं मला मोबाइलवर तो फोटो दाखवला आणि म्हणाला, ‘बघा, याचा पाय मागं आहे आणि सोनं यालाच!’ फोटो बरोबर होता, फक्त तो पाय बघत होता आणि पंचांनी खांदा-छाती बघितली होती.

त्या फोटोचीही गंमत आहे. तो आपल्या नेहमीच्या फोटोसारखा एका क्षणाचा नसतोच. कॅमेरा रेषेवर रोखलेला असतो आणि रेषेची तेवढी एक बारीक फट पुन्हा पुन्हा टिपत राहतो. पॅरिसला सेकंदाला चाळीस हजार वेळा. त्या फटी शेजारी शेजारी चिकटवल्या की चित्र तयार होतं. म्हणजे चित्रात डावीकडून उजवीकडं जागा नाही, वेळ पसरलेली असते. एखाद्या धावपटूचा बूट त्यात हातभर लांब दिसतो, कारण तो बूट रेषेवर टेकलेला होता आणि कॅमेरा तोच तो बूट टिपत होता.

आमच्या तालुक्याला असला कॅमेरा कुठला! तिथं हातातली घड्याळं. पण हाताच्या घड्याळालाही कायदा आहे, आणि तो मला कॅमेऱ्यापेक्षा जास्त आवडतो. पिस्तुलाचा आवाज ऐकून घड्याळ दाबायचं नाही, धूर बघून दाबायचं. आवाजाला शंभर मीटर यायला सुमारे ०.३ सेकंद लागतात. आवाजावर दाबणारा पंच पोराला तेवढी वेळ फुकट देतो, आणि अकरा सेकंदांच्या शर्यतीत ती फार मोठी खिरापत झाली. पहिल्या नंबरावर तीन घड्याळं लावायची. दोन जुळली तर ती वेळ खरी. तिन्ही वेगळी आली तर मधली. आणि घड्याळात ११.३२ दिसलं तर कागदावर ११.४ लिहायचं, ११.३ नाही. माणसाच्या बोटावर शंकेचा फायदा धावणाऱ्याला द्यायचा नाही, असा त्याचा अर्थ. नव्या पंचांना हे पटायला वेळ लागतो. गावच्या पोराची वेळ वाढवून लिहायला हात धजत नाही.

शंभराव्या भागाचं मोल काय असतं ते आपल्या देशाला १९८४ला कळलं. लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा ५५.४२ सेकंदांत आली, रुमानियाची क्रिस्तिना कोजोकारू ५५.४१ मध्ये. कांस्य गेलं. अलीकडचं आणि आपल्या घरचं उदाहरण अविनाश साबळेचं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा, फौजेत महार रेजिमेंटला होता, सियाचीनला नोकरी करून आलेला. त्याची शर्यत स्टीपलचेसची: तीन हजार मीटर, वाटेत तीन फुटांचे अठ्ठावीस अडथळे आणि वर सात पाण्याच्या उड्या. २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाचा अब्राहम किबिवॉट ८:११.१५ मध्ये आला आणि अविनाश ८:११.२० मध्ये. आठ मिनिटं पळून फरक पाच शतांश सेकंदांचा. लोकांनी हळहळ केली, पण १९९४नंतर या शर्यतीत केनियाबाहेरच्या माणसाला मिळालेलं ते पहिलंच पदक होतं. मला विचाराल तर ते रौप्य कित्येक सोन्यांपेक्षा जड आहे.

शेवटाइतकाच काटेकोरपणा सुरुवातीला असतो. मोठ्या स्पर्धांत ठोकळ्यांना यंत्र जोडलेलं असतं. बार झाल्यावर ०.१०० सेकंदाच्या आत पाय हलला तर ती चूक सुरुवात, कारण माणूस ऐकून इतक्या लवकर हलूच शकत नाही, म्हणजे त्यानं अंदाजावर उडी मारली, असं नियम धरतो. २०२२च्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेचा डेव्हन अ‍ॅलन ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत ०.०९९ला हलला. घरचं मैदान, आणि गडी न पळता बाहेर.

आता चाकांकडं येऊ. सायकल शर्यतीत माणसाच्या छातीला विचारत नाही कुणी. पुढच्या चाकाचा टायर रेषेवर आधी येईल तो पहिला. म्हणून शेवटच्या क्षणी सायकलवाला हात ताठ करून, ढुंगण मागं नेऊन सायकल स्वतःच्या पुढं ढकलतो. हे न केल्यानं एरिक झाबेल या जर्मन गड्यानं २००४ची मिलान–सान रेमो घालवली. जवळजवळ तीनशे किलोमीटर हाणून आला, जिंकलो म्हणून रेषेच्या आधीच दोन्ही हात वर केले आणि शेजारून ऑस्कार फ्रेरेनं चाक घुसवलं. वर्गातल्या पोरांना मी हे दरवर्षी सांगायचो, आणि दरवर्षी एक तरी पोरगं रेषेआधी हात वर करायचंच.

रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत आणखी एक गोष्ट आहे जी नवख्याला कळत नाही. पन्नास जण घोळक्यानं आले तर नंबर वेगवेगळे, पण वेळ सगळ्यांना एकच. कारण घोळक्यातला माणूस पुढच्याच्या आडोशानं वारा चुकवतो आणि ताकद राखतो. त्या गर्दीत वेळेच्या चार अंशांसाठी कुणी जिवावर उदार होऊ नये. मग बऱ्याच दिवसांच्या शर्यतीत फरक पडतो कुठं? चढावर. चढाला वेग उतरतो, आडोसा कामाचा राहत नाही आणि घोळका फुटतो. आपल्या मुंबई–पुणे शर्यतीत म्हणूनच बोरघाटात गर्दी होते आणि ‘घाटाचा राजा’ हा मान वेगळा दिला जातो. अंतिम रेष पुण्यात असली तरी शर्यत बघायची तर खंडाळ्यात उभं राहावं.

चाकांच्याच खुर्चीवरून पळणारेही आहेत. व्हीलचेअरच्या शर्यतीत पुढच्या चाकाच्या आसाचा मध्य धरतात. घोड्यांचं तर सर्वांना ठाऊक आहे, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर नाकावर निकाल लागतो.

मोटारींनी मात्र ‘आधी पोचणं’ याचाच गोंधळ करून ठेवलेला आहे. फ्रान्समध्ये ल मान्स गावी चोवीस तासांची शर्यत होते. तिथं ठरावीक अंतर नसतं, ठरावीक वेळ असते. चोवीस तासांत जास्त अंतर कापेल तो विजयी. १९६६ला फोर्ड कंपनीच्या गाड्या पहिल्या तिन्ही जागांवर होत्या. कंपनीला वाटलं, दोन गाड्या जोडीनं रेषेवर आणू, छान फोटो येईल, बरोबरी जाहीर होईल. आल्या जोडीनं. पण पंच म्हणाले, मॅक्लारेन आणि अ‍ॅमन या चालकांची गाडी सुटताना काही मीटर मागं उभी होती, म्हणजे चोवीस तासांत ती तेवढी जास्त चालली. विजय त्यांना. केन माइल्स, ज्यानं फोटोसाठी गाडी हळू केली, तो दुसरा. असल्या निकालाला क्रूर म्हणा, चुकीचा म्हणता येत नाही.

मी ज्या रॅलीला गेलो होतो तिथं तर लवकर येणाऱ्यालाच दंड होता. रॅलीत गाड्या एकामागून एक, ठरावीक अंतरानं सोडतात. वेगाचे टप्पे वेगळे आणि मधल्या प्रवासाची वेळ आधीच नेमून दिलेली. जागतिक रॅलीत तपासनाक्यावर उशीर झाला तर मिनिटामागं दहा सेकंदांचा दंड, आणि लवकर आलात तर मिनिटामागं पुरतं एक मिनिट. म्हणून नाक्याच्या अलीकडं गाड्या रांगेनं उभ्या असतात, शेजारी बसलेला सहचालक मांडीवर वही घेऊन घड्याळाकडं बघत असतो आणि शेवटच्या काही सेकंदांत गाडी पुढं घेतो. आपल्याकडं हौशी लोकांच्या, घरच्या बायकापोरांना घेऊन करायच्या रॅली याच तत्त्वावर चालतात. तिथं भरधाव जाणारा हमखास हरतो. नकाशा वाचणारी वहिनी चांगली असली की पंधरा वर्षं जुनी गाडीही बक्षीस नेते.

आणि गणपतीतली हळू सायकल? त्यात शेवटी येणारा पहिला. पाय टेकला की बाद. सायकल उभ्या उभ्या तोलणारं पोरगं बघितलं की मला अजूनही खुर्ची सोडून उभं राहावंसं वाटतं.

बैलगाड्यांबद्दल न लिहिता सातारकराला उठता येणार नाही. आमच्याकडं आणि सांगली-कोल्हापूरकडं गाड्या शेजारी शेजारी आखलेल्या पट्ट्यांतून एकदम सुटतात, दोन बैल, गाडीवर ड्रायव्हर, आणि गट, सेमी, फायनल अशी चढण. निकाल डोळ्यांना दिसतो. विदर्भात शंकरपट. पण खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळात गेलात तर सगळा मामलाच निराळा. तिथं धावपट्टीला घाट म्हणतात, आणि एका वेळी एकच गाडा पळतो. त्याच्या पळण्याला बारी म्हणायचं. चार बैल, पुढं जुकाट, मागं धुरी, गाड्यावर माणूस नाही, पुढं घोडीवरचा स्वार. जुंपणारे बैलांना आवरून धरतात, एकदम सोडतात, स्पीकरवाला ‘झाली, भिर्रर्र’ करून ओरडतो, भंडारा उडतो आणि दहा-बारा सेकंदांत खेळ संपलेला असतो. शेजारी दुसरा गाडाच नाही, तेव्हा जिंकला कोण हे घड्याळच सांगणार. निमगावच्या खंडोबाच्या घाटात बसलेला म्हातारा डोळे मिटून बारीचे सेकंद सांगतो म्हणतात. मी काही त्यावर पैज लावणार नाही. पण शतांश सेकंदावरून भांडणारी गावं आपल्याकडंही तयार आहेत, हे खरं.

या शर्यतींवर २०१४च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. राज्यानं २०१७ला कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ला तात्पुरती परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठानं तो कायदा ग्राह्य धरला. परवानगी अटींवर आहे, बैलाला इजा करणारी काठी, चाबूक, आरी चालत नाही. माझं मत विचाराल तर या शर्यतींना घड्याळापेक्षा काठीवर नजर ठेवणारा पंच जास्त लागतो, आणि तो गावचा नसावा.

मॅरेथॉनमध्ये घड्याळं दोन. बार झाल्यापासूनची एक वेळ, आणि तुमच्या नंबराच्या कागदामागच्या चिपनं सुरुवातीची पट्टी ओलांडल्यापासूनची दुसरी. २००४पासून चालू असलेल्या मुंबई मॅरेथॉनसारख्या गर्दीत मागच्या माणसाला नुसतं सुरुवातीच्या रेषेपाशी यायलाच कित्येक मिनिटं जातात. त्याच्यासाठी चिपची वेळ. पुढच्या बक्षीसवाल्यांना मात्र बार झाल्यापासूनची वेळ लागू. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढून उतरताना शेजारच्या काकांना तुम्ही मागं टाकलंत आणि निकालात काका पुढं दिसले, तर चिडू नका. काका तुमच्यानंतर निघाले होते.

सगळ्यात अवघड काम चालण्याच्या शर्यतीच्या पंचाचं. एक पाय कायम जमिनीला हवा आणि पुढचा पाय टेकल्यापासून गुडघा ताठ हवा. हे बघायला कॅमेरा वापरायचा नाही, उघड्या डोळ्यांनीच ठरवायचं. वेगवेगळ्या पंचांची ठरावीक लाल कार्डं पडली की खेळाडू गेला. वीस किलोमीटर चाललेल्या माणसाला रेषेजवळ लाल कार्ड लिहिताना पंचाच्या पोटात कालवतं, पण लिहावं लागतं.

जिल्ह्याजिल्ह्यांत असे पंच कमी पडतात. क्रीडा संघटना पंचांच्या परीक्षा घेतात. शिक्षकच असावं लागतं असं नाही, बँकेतले, बँकेतून निवृत्त झालेले, घरी असणाऱ्या ताई, कुणीही बसावं. तेवढं जमत नसेल तर मुलांच्या शाळेच्या क्रीडादिनाला या. मोबाइल खिशात ठेवा, तीन जण तीन स्टॉपवॉच घेऊन रेषेच्या बाजूला, तिच्या सरळ रेघेत उभे राहा. शिट्टीवर जाऊ नका, सोडणाऱ्या सरांना लाकडी क्लॅपर वापरायला सांगा आणि तो मिटताना दिसला की दाबा. छाती आली की थांबवा. वेळा जुळल्या नाहीत तर मधली लिहा, आणि ती तुमच्या मुलाच्या विरोधात गेली तरी बदलू नका.