मुलांच्या अतिदक्षता विभागातील संसर्ग : नळी घालण्याइतकीच तिची रोजची निगाही निर्णायक

लखनौ : गंभीर आजारी बालकाला अतिदक्षता विभागात दाखल केले जाते ते त्याचा जीव वाचावा म्हणून. तेथील कृत्रिम श्वसनयंत्र, मोठ्या रक्तवाहिनीत खोलवर घातलेली नळी आणि मूत्रमार्गातील कॅथेटर यांच्या आधारावाचून अनेक मुले पहिला दिवसही काढू शकली नसती. मात्र ज्या वाटेने औषध शरीरात जाते, त्याच वाटेने जंतूही शिरू शकतात. मूळ आजारातून सावरू लागलेले मूल पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा तापाने फणफणले, त्याचा रक्तदाब उतरू लागला, तर डॉक्टरांच्या मनात एक शंका हमखास येते : हा संसर्ग रुग्णालयातच तर झाला नाही ना?

लखनौसारख्या शहरात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. १९११ मध्ये सुरू झालेले आणि आज किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ म्हणून ओळखले जाणारे महाविद्यालय, तसेच रायबरेली मार्गावरील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था यांच्याकडे सीतापूर, हरदोई, बाराबंकी, उन्नाव, बहराइच, गोंडा अशा जिल्ह्यांतून रुग्ण पाठविले जातात. पूर्व उत्तर प्रदेशातील मेंदूज्वराचे रुग्णही लखनौला येत आले आहेत. अशी मुले बहुधा एक-दोन दवाखाने पालथे घालून, आधीच प्रतिजैविके घेऊन आणि अत्यवस्थ होऊन मोठ्या रुग्णालयात पोहोचतात. मुंबई, पुणे किंवा नागपूर येथील मोठ्या रुग्णालयांनाही ही परिस्थिती अपरिचित नाही.

रुग्णालयजन्य संसर्ग म्हणजे काय?

दाखल होताना जो संसर्ग नव्हता किंवा ज्याचा शरीरात शिरकाव झालेला नव्हता आणि जो दाखल झाल्यानंतर साधारण ४८ तासांनी दिसून येतो, त्याला रुग्णालयजन्य संसर्ग म्हटले जाते. अतिदक्षता विभागात त्याचे तीन प्रकार प्रामुख्याने आढळतात : मध्यवर्ती रक्तवाहिनीतील नळीमुळे होणारा रक्तातील संसर्ग, कृत्रिम श्वसनयंत्रामुळे होणारा न्यूमोनिया आणि कॅथेटरमुळे होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, तातडीचे उपचार देणाऱ्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्या प्रत्येक १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत सरासरी ७ जणांना, तर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना किमान एक तरी असा संसर्ग होतो. बाधितांपैकी सरासरी दहातील एकाचा त्यामुळे मृत्यू ओढवतो. हातांची स्वच्छता आणि इतर कमी खर्चाच्या उपायांनी यांतील ७० टक्के संसर्ग टाळता येऊ शकतात, असेही हा अहवाल सांगतो.

भारतातील चित्र दाखविणारे एक महत्त्वाचे सर्वेक्षण दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या समन्वयाने झाले. मे २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या काळात २६ रुग्णालयांतील ८९ अतिदक्षता विभागांत रक्तातील २,६२२ आणि मूत्रमार्गातील ७३७ रुग्णालयजन्य संसर्गांची नोंद झाली. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रक्तातील संसर्गामागे क्लेबसिएला गटातील जिवाणू सर्वाधिक आढळले. त्यांतील दर दहापैकी सुमारे सात जिवाणूंवर कार्बापेनेम हे राखीव समजले जाणारे प्रतिजैविकही निष्प्रभ ठरत होते. बालकाला झालेला संसर्ग बरा करण्याचे मार्ग असे आक्रसत असताना, तो होऊच न देणे हाच सर्वांत भरवशाचा उपचार ठरतो.

मुलांना धोका अधिक का?

लहान मुलाचे शरीर म्हणजे प्रौढ शरीराची छोटी प्रतिकृती नव्हे. नवजात बाळाची, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा नाजूक असते आणि रोगप्रतिकारशक्ती अपरिपक्व असते. रक्तवाहिन्या बारीक असल्यामुळे एकदा मिळालेली नळी शक्यतो अधिक दिवस ठेवण्याकडे कल असतो. औषधे, पोषणद्रव आणि तपासणीसाठी रक्त या सगळ्यांकरिता तीच नळी दिवसातून अनेकदा उघडावी लागते. ती जांघेत घातलेली असेल तर मलमूत्राने माखलेल्या लंगोटापासून तिचे अंतर अवघे काही बोटांचे राहते. शिवाय मूल स्वतः काही सांगू शकत नाही. त्याचे दूध न पिणे, मलूल होणे किंवा अंग गार पडणे यांतूनच संसर्गाची चाहूल ओळखावी लागते.

पाच साध्या कृती आणि त्यापुढचा धडा

नळीमुळे होणारा संसर्ग हा अतिदक्षता उपचारांचा अटळ भाग आहे, ही समजूत अमेरिकेतील मिशिगन राज्यात झालेल्या प्रयोगाने मोडीत काढली. नळी घालण्यापूर्वी हात धुणे. टोपी, मुखपट्टी, निर्जंतुक झगा, हातमोजे आणि रुग्णाला झाकणारी मोठी निर्जंतुक चादर वापरणे. त्वचा क्लोरहेक्झिडिनने स्वच्छ करणे. शक्यतो जांघेतील रक्तवाहिनी टाळणे. आणि गरज संपताच नळी काढणे, या त्या पाच कृती होत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, १०३ अतिदक्षता विभागांतील संसर्गाचा मध्यांक दर हजार नळी-दिवसांमागे २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला. यात कोणतेही नवे औषध नव्हते. ठरलेली प्रत्येक कृती प्रत्येक वेळी होते की नाही, हे पाहणारी यादी होती आणि एखादी कृती राहून गेल्यास डॉक्टरांना थांबविण्याचा अधिकार परिचारिकेला देण्यात आला होता.

मुलांच्या बाबतीत मात्र याहून थोडा वेगळा धडा मिळाला. अमेरिकेतील मुलांच्या २९ अतिदक्षता विभागांनी एकत्रितपणे केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात रक्तातील संसर्गाचे प्रमाण दर हजार नळी-दिवसांमागे ५.४ वरून ३.१ पर्यंत, म्हणजे ४३ टक्क्यांनी घटले. त्यात नळी घालतानाच्या काळजीपेक्षा घातल्यानंतरच्या रोजच्या निगेचा वाटा निर्णायक ठरला.

ही निगा दिसायला साधी असते. नळीच्या तोंडाला हात लावण्यापूर्वी ते अल्कोहोलने घासून पुसायचे आणि वाळू द्यायचे. जाळीच्या कापडाची पट्टी दोन दिवसांनी, पारदर्शक पट्टी सात दिवसांपर्यंत आणि ओली, सैल वा मळकी झालेली कोणतीही पट्टी तत्काळ बदलायची. नळी विनाकारण उघडायची नाही. रक्ताच्या तपासण्या एकत्र करायच्या. आणि रोज सकाळच्या फेरीत एक प्रश्न विचारायचा : ही नळी आज हवीच आहे का? नवजात बाळांच्या त्वचेला इजा होण्याचा धोका असल्याने क्लोरहेक्झिडिनसारखे द्रावण मात्र जपूनच वापरावे लागते.

श्वसनयंत्रावरील मुलाच्या तोंडातील स्राव झिरपत फुप्फुसांत उतरतात आणि न्यूमोनिया होतो. त्यामुळे आडकाठी नसेल तेव्हा पलंगाचा डोक्याकडील भाग उंच ठेवणे, तोंडाची नियमित स्वच्छता, यंत्राच्या नळ्यांत साचलेले पाणी मुलाच्या दिशेने वाहू न देणे आणि यंत्र काढता येईल का याचा रोज विचार करणे, हे उपाय केले जातात. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता ठेवणे आणि कॅथेटर लवकर काढणे, हे मूत्रमार्गाच्या संसर्गावरील उपाय आहेत.

हात, बाटली आणि मनुष्यबळ

जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर बहुतेकदा माणसाच्या हातांवरूनच जातात. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कृतीपूर्वी, शरीरातील द्रवांशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर, असे हातांच्या स्वच्छतेचे पाच क्षण जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहेत. अल्कोहोलयुक्त द्रावणाने २० ते ३० सेकंद, तर साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद पुरतात. हातमोजे हा हात धुण्याला पर्याय नाही. तेच मोजे घालून दुसऱ्या मुलाला हात लावल्यास जंतूंचा प्रवास सुरूच राहतो.

दुसरा धोका औषधाच्या बाटलीत दडलेला असतो. बालकाला लागणारी मात्रा अत्यल्प असल्याने एकच कुपी किंवा सलाईनची एकच बाटली अनेक मुलांसाठी वापरण्याचा मोह होतो. सुई टोचून उघडी ठेवलेली अशी बाटली दूषित झाली, तर संसर्ग एकाच वेळी अनेक खाटांवर पोहोचतो. म्हणूनच एका मुलासाठी उघडलेले औषध दुसऱ्यासाठी न वापरणे आणि औषधे मुलाच्या खाटेपासून दूर, स्वच्छ जागी तयार करणे आवश्यक असते.

हे नियम ठाऊक नसतात असे नाही. ते पाळायला हात अपुरे पडतात. श्वसनयंत्रावरील प्रत्येक मुलामागे एक परिचारिका हा मान्य निकष आहे. एकाच परिचारिकेवर तीन-चार अत्यवस्थ मुलांचा भार असेल आणि त्यातील एकाचा श्वास अडकला, तर ती हात धुण्यासाठी थांबेल अशी अपेक्षा धरणे कठीण आहे. त्यामुळे संसर्ग झाला की एका व्यक्तीला दोषी ठरवून प्रश्न सुटत नाही. पाण्याचा पुरवठा, खाटांमधील अंतर, प्रत्येक खाटेजवळ हात स्वच्छ करण्याचे द्रावण आणि पुरेसे कर्मचारी, ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे.

आई ही पाहुणी नव्हे

नातेवाईकांना दूर ठेवले की जंतूही दूर राहतात, असा समज दीर्घकाळ रूढ होता. अपुऱ्या वाढीच्या नवजात बाळांबाबत मात्र पुरावा उलट दिशेने जातो. लखनौपासून फार दूर नसलेल्या रायबरेली जिल्ह्यातील शिवगड येथे गावपातळीवर बाळाला आईच्या त्वचेशी बिलगून ठेवणे, स्तनपान आणि स्वच्छता यांचा प्रसार करण्यात आला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नवजात मृत्युदर ५४ टक्क्यांनी कमी आढळला. पुढे भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांतील मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. आईचे दूध आणि तिचा स्पर्श हेही संसर्गप्रतिबंधाचे साधन आहे. अट एवढीच, की तिला हात धुण्याची पद्धत शिकविली जावी आणि त्यासाठी सोय असावी.

मोजल्याशिवाय सुधारणा नाही

संसर्गाचे प्रमाण रुग्णसंख्येवरून नव्हे, तर नळी किती दिवस शरीरात होती यावरून मोजले जाते. दहा मुलांच्या शरीरात प्रत्येकी दहा दिवस नळी असेल तर ते १०० नळी-दिवस होतात. दर हजार नळी-दिवसांमागे संसर्ग किती, हे कळले तरच गेल्या महिन्याशी तुलना करता येते. त्यासाठी प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचा नमुना जंतुपरीक्षणासाठी घेणे आवश्यक असते. तो घेतलाच नाही तर संसर्गाची नोंद होत नाही आणि कागदावर विभाग निर्दोष दिसत राहतो. जो विभाग प्रामाणिकपणे मोजतो त्याचा आकडा सुरुवातीला वाढलेला दिसतो, म्हणून त्याला शिक्षा करणे म्हणजे नोंदीच दडपण्यास उत्तेजन देणे होय.

केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये संसर्गप्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत, तर २०१५ पासून ‘कायाकल्प’ योजनेतून सरकारी रुग्णालयांतील स्वच्छतेचे मूल्यमापन होते. पालकांचाही यात वाटा आहे. ‘मुलाला हात लावण्यापूर्वी हात स्वच्छ केलेत का?’ आणि ‘ही नळी अजून लागणार आहे का?’ हे दोन प्रश्न नम्रपणे विचारण्याचा अधिकार त्यांना आहे. ते विचारल्यावर कर्मचाऱ्यांनी अपमान न मानता उत्तर द्यावे, असे वातावरण ज्या विभागात असेल, तेथे दाखल झालेल्या मुलाला मूळ आजाराशिवाय आणखी एका आजाराशी झुंजावे लागण्याची शक्यता कमी असते.