नगरांचा श्वास आणि वाहनांचा धूर

मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१२ साली धुराच्या उपद्रवाचा कायदा केला, तेव्हा त्याच्या नजरेसमोर होती ती गिरण्यांची आणि कारखान्यांची धुराडी. धूर म्हणजे कोळशाचा काळा लोट, आणि त्याचा धनी कोण हे रस्त्यावरच्या कोणाही वाटसरूला बोट दाखवून सांगता येत असे. आज गिरणगावातील धुराडी थंडावून कित्येक वर्षे लोटली, तरी शहराची हवा निर्मळ झाली नाही. कारण तो धूर आता लाखो सायलेन्सरांत वाटला गेला आहे, त्याचा घातक अंश डोळ्यांना दिसत नाही, आणि त्याच्या मालकीत आपल्यापैकी बहुतेकांचा थोडाथोडा हिस्सा आहे. अशा विखुरलेल्या, अदृश्य व सर्वांच्या मालकीच्या उपद्रवाचे नियमन कसे करावे, हा आधुनिक नगरकारभारापुढील एक अवघड प्रश्न होय. गेल्या चार दशकांतील आपल्या प्रयत्नांचा आढावा घेता एक गोष्ट मात्र निःसंशय दिसते: जेथे मुदत निश्चित होती, जबाबदार कोण हे निश्चित होते आणि कसूर केल्यास मोजावयाची किंमतही निश्चित होती, तेथे वाहनांचा धूर खरोखर घटला, आणि या तिहींपैकी एकही बाजू जेथे कच्ची राहिली, तेथे केवळ दफ्तरे फुगली.

प्रथम शत्रूची ओळख. वाहनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असतात; परंतु सर्वांत भय आहे ते अडीच मायक्रॉनांहून लहान अशा सूक्ष्म कणांचे, जे फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यांतील काही रक्तातही उतरतात. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असा स्पष्ट निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला. या कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या आत असावी, असे २००९ चे आपले राष्ट्रीय मानक सांगते. २०२१ साली सुधारलेली जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस केवळ ५ ची आहे. म्हणजे आपले मानक पाळणाऱ्या शहरालाही निश्चिंत होण्याचा अधिकार नाही.

कायद्यांची आपल्याकडे वाण नव्हती. हवा प्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९८१ साली झाला, भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा व्यापक कायदा आला, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालील नियमांनी धूरतपासणीची तरतूद केली. तथापि कायदा आणि हवा यांच्यामध्ये इंधन, इंजिन व अंमलबजावणी असे तीन उंबरठे आहेत, आणि ते एकाच वेळी ओलांडल्याखेरीज काही साधत नाही, हे शिशाच्या उदाहरणाने प्रथम उमगले. इंजिनात खडखड होऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून जगभर रूढ होती. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे धूर निर्विष करणारे उपकरण सिद्ध झाले खरे. परंतु त्याच्या जाळीदार गाभ्यावर प्लॅटिनमसारख्या धातूंचा जो अतिशय पातळ लेप असतो, त्याच्यावर शिशाचे पुट चढले की ते निकामी होते. म्हणून १ एप्रिल १९९५ पासून चारही महानगरांत नव्या मोटारींना हा कन्व्हर्टर आणि पंपावर शिसेविरहित पेट्रोल, या दोन्ही गोष्टी एकदमच आणाव्या लागल्या. आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेमिश्रित पेट्रोलची विक्री थांबली. मुलांच्या मेंदूला घात करणारे एक विष आपल्या रस्त्यांवरून नाहीसे झाले, ही लहान सिद्धी नव्हे.

दुसरा धडा दिल्लीने दिला. महेशचंद्र मेहता या विधिज्ञांनी १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेवर २८ जुलै १९९८ रोजी न्यायालयाने हुकूम केला, की राजधानीतील सर्व बसगाड्या ३१ मार्च २००१ पर्यंत नैसर्गिक वायूवर, म्हणजे सीएनजीवर, चालू लागाव्यात. मुदत टळली, गॅसपंपांवर रांगा लागल्या, प्रवाशांचे हाल झाले आणि मुदतवाढीचे अर्ज आले. पण न्यायालयाने दंड आकारला, पाठपुरावा सोडला नाही, आणि २००२ च्या अखेरीस दिल्लीची नगरबससेवा डिझेलमुक्त झाली. त्याच सुमारास मुंबईतही धुराने त्रस्त झालेल्या रहिवाशांच्या मंचाने उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि न्यायालयाच्या आदेशांनी ठराविक वयापुढील टॅक्सी व रिक्षा स्वच्छ इंधनाकडे वळल्या. एकेकाळी मागच्या प्रवाशाला नाकाला रुमाल लावायला भाग पाडणारी काळीपिवळी आज बव्हंशी सीएनजीवर धावते, याचे श्रेय त्या नागरिकांच्या चिकाटीला दिले पाहिजे.

न्यायालयाच्या तगाद्यावर धोरण किती दिवस चालणार, हा प्रश्न होताच. त्याचे उत्तर शोधण्यासाठी २००१ साली केंद्र सरकारने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या समितीने देशापुढे तारखांचा एक आराखडा ठेवला, ज्यात इंधनाची शुद्धता आणि वाहनाचे निकष एकाच सोपानाने वर चढावयाचे होते. ‘भारत स्टेज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पायऱ्यांपैकी चौथी २०१७ साली देशभर लागू झाली. त्या वेळी जुन्या, तिसऱ्या पायरीची आठ लाखांहून अधिक वाहने विक्रीविना पडून असतानाही सर्वोच्च न्यायालयाने नागरिकांचे आरोग्य व्यापारी नुकसानाहून वरचढ मानून त्यांची विक्री व नोंदणी बंद केली. पुढे पाचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून एकदम सहावी आली: इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर उतरले, आणि डिझेल मोटारीला दर किलोमीटरला २५ मिलिग्रॅम कण सोडण्याची जी मुभा होती, ती साडेचार मिलिग्रॅमवर आली. तेलशुद्धीकरण कारखान्यांपासून वाहन उद्योगापर्यंत सर्वांनी मिळून एका ठरल्या दिवशी हे परिवर्तन घडवले, याचा अभिमान बाळगण्यास प्रत्यवाय नाही.

परंतु नवी गाडी शोरूममधून बाहेर पडली की या शिस्तीची पकड ढिली होते. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभ्या असणाऱ्या पीयूसीच्या, म्हणजे धूरतपासणीच्या, व्हॅनपाशी क्षणभर थांबून पाहावे. तपासनीस सायलेन्सरमध्ये नळी सरकवतो, इंजिन जागच्या जागी गुरगुरत असते, पडद्यावर कार्बन मोनॉक्साइडचा व हायड्रोकार्बनचा आकडा उमटतो. गाडी डिझेलची असल्यास ॲक्सिलरेटर जोराने दाबून धुराचा काळेपणा प्रकाशाच्या साह्याने मोजला जातो. नंबरप्लेटचे छायाचित्र निघते आणि दाखला हाती पडतो. या साऱ्या विधीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत, सूक्ष्म कणांचे वजन होत नाही, आणि भार घेऊन घाट चढताना तीच गाडी काय ओकते याचा तर पत्ताच लागत नाही. नव्या प्रतिमानांची परीक्षा पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन संशोधन संस्थेत सुसज्ज यंत्रांवर होते, आणि २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावर धावतानाचे उत्सर्जनही मोजावे लागते. मग पुढची पंधरा वर्षे त्या गाडीची नाडी अशा त्रोटक परीक्षेवर का सोपवावी? दाखला नसल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंड कागद नसल्याचा होतो, धूर असल्याचा क्वचितच. धावत्या वाहनाचा धूर रस्त्याच्या कडेने मोजणारी यंत्रे आता दुर्मीळ राहिलेली नाहीत, आणि त्यांचा सार्वत्रिक वापर ही पहिली निकड आहे.

दुसरी निकड, सार्वजनिक बससेवेची, याहून मोठी आहे. एकेका गाडीचा धूर घटला, पण गाड्यांची संख्या त्या लाभाला गिळत गेली. मुंबईच्या ज्या ‘बेस्ट’ बससेवेच्या ताफ्यात एके काळी चार हजारांवर बसगाड्या होत्या, तो आज तीन हजारांच्या खाली आला आहे. आणि सायकलींचे शहर म्हणून नावाजलेले पुणे दुचाकींच्या गर्दीत घुसमटते आहे. थांब्यावर अर्धा तास तिष्ठलेला माणूस कर्ज काढून स्कूटर घेतो, यात त्याचा अपराध नाही. अपराध त्या नियोजनाचा आहे, ज्याने उड्डाणपुलांना निधी पुरवला आणि बसला मात्र तोट्याचे खाते ठरवले. विजेवरील वाहने स्वागतार्ह आहेतच. पण टायर व ब्रेक यांची झीज आणि रस्त्यावरून उडणारी धूळ त्यांनाही चुकत नाही, आणि खोळंब्यात अडकलेल्या विजेच्या मोटारींनी रस्ता मोकळा होत नाही.

वाहनांवर सारा दोष लोटणेही अन्यायाचे होईल. मुंबईला समुद्राचे वारे हे नैसर्गिक वरदान. ते हिवाळ्यात मंदावले की बांधकामांची धूळ, बेकऱ्यांच्या लाकूडभट्ट्या, चेंबूर-माहुल पट्ट्यातील उद्योग आणि जळता कचरा यांचे पितळ उघडे पडते. ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा इतकी बिघडली, की महापालिकेला बांधकामांसाठी सत्तावीस कलमी नियमावली काढावी लागली आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. केंद्राने २०१९ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात आज सुमारे १३० शहरे आहेत. मात्र त्याच्या यशाचे मोजमाप मुख्यत्वे स्थूलतर कणांवर होते, आणि निधीचा मोठा वाटा रस्ते झाडण्या-शिंपडण्यावर गेला, वाहनांच्या वाट्याला थोडाच आला. धूळ आवरावी हे खरेच. पण अधिक घातक कण ज्वलनातून येतात, आणि जे मोजले जात नाही त्याची काळजी कारभारात कोणी वाहत नाही.

तेव्हा मागणी काय असावी, हे इतिहासानेच सुचवले आहे. शिसे गेले, गंधक उतरले, दिल्लीच्या बस बदलल्या, त्या सर्व वेळी कोणीतरी तारीख नेमली होती आणि ती टळली तरी पाठपुरावा सोडला नव्हता. बसगाड्यांची संख्या किती साली किती होईल, धूरतपासणी कोणत्या तारखेपासून खऱ्या अर्थाने होईल, आणि चुकल्यास उत्तर कोणत्या अधिकाऱ्याने द्यावयाचे, हे प्रत्येक महापालिकेच्या अंदाजपत्रकात छापलेले असावे, आणि नगरसेवकाला मत देताना नागरिकाने ते पान उघडून पाहावे. हवा कोणाच्याही सातबाऱ्यावर चढलेली नाही. म्हणूनच तिची राखण करणे हे सर्वांचे कर्तव्य आहे, आणि ते शासनाकडून करवून घेणे हाही त्या कर्तव्याचाच भाग आहे.